अर्धांगवायूची गुठळी : एका उपचाराचा इतिहास

गोदावरीच्या काठी गंगाखेड, पाथरी, सोनपेठ या तालुक्यांत एखाद्या धडधाकट माणसाचा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली, म्हणजे लोक म्हणतात, 'अंगावरून वारे गेले.' हा वाक्प्रचार एकट्या परभणी जिल्ह्याचा नव्हे. साऱ्या महाराष्ट्रात तो रूढ आहे. आयुर्वेदानेही या व्याधीची गणना वातविकारांत केली असून चरकसंहितेत तिला पक्षवध हे नाव आहे. ग्रीकांनी तिला जे नाव दिले त्याचा अर्थ तडाख्याने खाली पाडणे असा होतो, आणि इंग्रजी 'स्ट्रोक' हा शब्द तरी दुसरे काय सांगतो? वारे म्हणा की तडाखा म्हणा, समजूत एकच, की हा घाला बाहेरून येतो आणि एकदा तो पडला म्हणजे मनुष्याच्या हाती सेवाशुश्रूषेवाचून काही उरत नाही. ही समजूत अगदी अलीकडेपर्यंत वैद्यकशास्त्राचीही होती. अशा रोग्यांपैकी बहुतेकांच्या मेंदूच्या धमनीत रक्ताची एक गुठळी अडकलेली असते, आणि ती गुठळी बारीक नळीने बाहेर ओढून काढता येते, हे शास्त्राने निर्विवाद सिद्ध केले ते २०१५ साली.

या व्याधीने महाराष्ट्राचे काय नुकसान केले याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. मे १८८८ मध्ये मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीराव फुले यांचा सत्कार होऊन त्यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण झाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्यांच्यावर पक्षाघाताचा घाला पडला आणि उजवे अंग निकामी झाले. नामांकित शस्त्रवैद्य व सत्यशोधक समाजातील त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीराव त्यातून काहीसे सावरले; परंतु उजवा हात परत आला नाही. 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' हा आपला अखेरचा ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहून काढला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले व ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. डाव्या हाताच्या त्या लेखनाचे कौतुक पुष्कळ झाले आहे, व ते योग्यच आहे. पण घोल्यांसारख्या निष्णात वैद्यापाशी त्या दिवशी कोणते साधन होते, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. धमनी गुठळीने बंद झाली आहे की फुटून रक्तस्राव झाला आहे, एवढेदेखील ओळखण्याची सोय तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हती. आणि या दोन प्रकारांचे उपचार तर परस्परांच्या अगदी उलट आहेत.

हे दोन प्रकार आहेत हे ज्ञान मात्र जुने होते. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर या वैद्याने १६५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, झटक्याने मेलेल्या रोग्यांची शवे उघडून मेंदूतील रक्तस्रावाचे वर्णन केले होते, आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या बंद झाल्यानेही असे घडू शकेल असे त्याचे म्हणणे होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत रुडॉल्फ फिर्को याने एका ठिकाणी बनलेली गुठळी प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दुसऱ्या ठिकाणी कशी अडकते हे दाखवून दिले. म्हणजे जोतीराव आजारी पडले त्यावेळी कारण ठाऊक होते. पण जिवंत माणसाच्या कवटीत डोकावून पाहण्याची युक्ती नव्हती.

गुठळी अडकल्यावर आत काय होते, हे परभणीच्या शेतकऱ्यास समजावून सांगणे शहरातल्या मनुष्यापेक्षा सोपे जावे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची एखादी चारी गाळाने तुंबली, तर तिच्याखालच्या शिवारातले सारे पीक एकाच दिवशी जळत नाही. तुंबल्या जागेजवळचा तुकडा, ज्याला दुसरीकडून थेंबभरही ओल नाही, तो आधी करपतो. त्याच्याभोवतीचे पीक माना टाकते, पण शेजारच्या चारीतून झिरपणाऱ्या ओलीवर काही काळ तग धरते; चारी वेळेवर मोकळी झाली तर ते पुन्हा उभे राहते, उशीर झाला तर तेही जळते. मेंदूत नेमके असेच होते. मध्यभागीचा भाग थोडक्या मिनिटांत मरतो. सभोवतीचा भाग काम करीनासा होतो, परंतु जिवंत असतो. फरक वेगाचा. जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदुविज्ञाने २००६ साली हिशेब मांडला, की मोठी धमनी तुंबली असता दर मिनिटास सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात. माना टाकलेल्या त्या भागास वाचविणे, हाच पुढच्या साऱ्या खटाटोपाचा हेतू होय.

त्या खटाटोपाची पहिली पायरी म्हणजे धमन्या दिसणे. पोर्तुगालमधील एगास मोनीश याने १९२७ साली लिस्बन येथे मानेच्या धमनीत क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र मिळविले. (त्याला १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामाबद्दल नव्हे, मेंदूच्या एका शस्त्रक्रियेबद्दल, आणि ती शस्त्रक्रिया पुढे बदनाम होऊन मागे पडली. पारितोषिके देणाऱ्यांचीही नजर कधी कधी चुकते.) दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, जर्मनीतील एबर्सवाल्डे या लहान गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टराने त्याहून विलक्षण साहस केले. वरिष्ठांनी मनाई केली होती. त्याने शस्त्रक्रियेची साधने ताब्यात असलेल्या परिचारिकेस विश्वासात घेतले. प्रयोग आपल्यावरच होणार अशा समजुतीने ती मेजावर आडवी झाली, तिचे हातपाय त्याने बांधले, आणि मग स्वतःच्याच कोपराजवळची शीर उघडून तीतून सुमारे ६५ सेंटिमीटर नळी आत सारली. तशाच अवस्थेत तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला, आणि नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे चित्र त्याने काढून घेतले. त्याचे कौतुक होण्याऐवजी त्याला बोल लागला. नोबेल मिळाले ते १९५६ साली. रक्तवाहिनीच्या वाटेने शरीराच्या आत कोठेही जाता येते, ही कल्पना मात्र त्या दिवसापासून जगात राहिली.

नळीने गुठळी काढण्याची रीत प्रथम हातापायांच्या धमन्यांत आली. अमेरिकेत टॉमस फोगार्टी याने बारीक नळीच्या टोकाशी रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा बांधला. ती नळी गुठळीच्या पलीकडे न्यावयाची, टोकाचा फुगा फुगवावयाचा, आणि ओढून घ्यावयाची, म्हणजे गुठळी पुढे ढकलली जाऊन बाहेर येते. गळाला कृत्रिम माश्या बांधण्याचा त्याचा छंद होता, तीच गाठ येथे उपयोगी पडली. ही युक्ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. १६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर याने ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायाची चिंचोळी झालेली धमनी नळ्या घालून रुंद केली. बोटे सडू लागली होती, पाय कापावयास ती तयार नव्हती. पुढे ती स्वतःच्या पायांवर चालली. परंतु मांडीची धमनी निराळी आणि मेंदूची निराळी. मेंदूच्या मधल्या धमनीचा व्यास जेमतेम तीन मिलिमीटर, भिंत नाजूक, आणि तिथवरची वाट नागमोडी. फुगा ओढताना ती फाटली तर रोगी हातचा गेला. म्हणून पुढील चाळीस वर्षे मेंदू या मार्गास जवळजवळ बंदच राहिला.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या. १९७१ साली गॉडफ्रे हाऊन्सफील्ड याच्या सी. टी. यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे काही मिनिटांत कळू लागले. मग डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील ६२४ रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की झटक्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून दिल्यास अपंगत्व पुष्कळ टळते. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. हे औषध रक्तस्रावाच्या रोग्यास दिले तर प्राणघातक, यास्तव स्कॅन केल्यावाचून ते देता येत नाही. घरच्या घरी रक्त पातळ होण्याची गोळी देण्यातही हाच धोका आहे. शिवाय मोठ्या धमनीतील लांबलचक गुठळी या औषधाला सहसा दाद देत नाही. म्हणजे ज्याचे नुकसान सर्वांत अधिक, त्यालाच औषध सर्वांत कमी लागू पडणार.

मोठ्या गुठळीसाठी पुन्हा नळीकडे वळावे लागले. ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकन सरकारने 'मर्सी' नावाच्या साधनास परवानगी दिली. बाटलीचे बूच काढण्याच्या मळसूत्रासारखी ती तार होती. गुठळीत रुतवून ओढावयाची. कल्पना चांगली, पण गुठळी पुष्कळदा निसटे किंवा तिचे तुकडे होत. खरा उपाय आला तो काहीसा आडवाटेने. निकेल व टायटॅनियम यांच्या नितिनॉल या मिश्रधातूचा गुण असा, की तो चेपून बारीक केला तरी मोकळा होताच मूळ आकार धरतो. या धातूची जाळीदार नळकांडी, तिला स्टेंट म्हणतात, मेंदूतील धमनीच्या फुग्यांवर उपचार करताना आधारासाठी वापरीत. २००८ च्या सुमारास युरोपातील डॉक्टरांच्या ध्यानात आले, की हीच जाळी गुठळीच्या आत उघडली तर गुठळी तिच्या घरांत गुंतते, आणि मग जाळी जागेवर सोडून न देता परत ओढून घेता येते. जांघेतील धमनीतून नळी आत जाते, छाती व मान ओलांडते, तिच्या पोटातून दुसरी अतिबारीक नळी गुठळीच्या पलीकडे जाते, जाळी उघडते, काही मिनिटे थांबतात, आणि मोठ्या नळीतून रक्त शोषून घेत घेत जाळी हळूच बाहेर काढतात. बाहेर आलेली गुठळी बहुधा तांदळाच्या दाण्यापेक्षा फारशी मोठी नसते. कित्येकदा रोग्याचा लुळा हात मेजावरच हलू लागतो.

असे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याला पुराव्याची गरज वाटेनाशी होते, आणि येथेच या शास्त्रावर मोठा प्रसंग गुदरला. फेब्रुवारी २०१३ मध्ये होनोलुलू येथे भरलेल्या परिषदेत तीन चाचण्यांचे निष्कर्ष एकदमच वाचले गेले. एकीत ६५६ रोगी, दुसरीत ३६२, तिसरीत ११८. तिन्हींचा निष्कर्ष असा, की नळीच्या उपचाराने अधिक फायदा दिसत नाही. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत हात हलले होते, आणि आकडे तर नाही म्हणत होते. पुष्कळांनी या उपचाराचा अध्याय संपला असे मानले. या ठिकाणी रागावून आकड्यांनाच खोटे ठरविणे सोपे होते, व तसे म्हणणारेही निघाले. परंतु काहींनी चाचण्या कशा केल्या होत्या याची छाननी केली. पुष्कळ रोग्यांत जुनीच साधने वापरली होती. मोठ्या धमनीत गुठळी आहे की नाही याची खात्री अनेकांत आधी केलेलीच नव्हती. आणि उपचार सुरू होईपर्यंत मौल्यवान वेळ गेला होता. जेथे गुठळीच नाही तेथून ती काढणार कशी, आणि पीक जळून गेल्यावर चारी मोकळी करून लाभ काय?

याचे उत्तर हॉलंडने दिले. त्या छोट्या देशात १६ रुग्णालयांनी एकत्र येऊन ५०० रोगी घेतले. मोठी धमनी तुंबल्याची खात्री केल्यावाचून कोणालाही घेतले नाही. आणि बहुतेकांत नवी जाळीच वापरली. आरोग्य खात्याच्या धोरणाचाही हातभार लागला : या उपचाराचा खर्च विम्यातून मिळावयाचा तर रोगी चाचणीत असला पाहिजे, असा नियम होता. त्यामुळे चाचणीबाहेर उपचार करून पुरावा वाया घालविण्याची वाट बंद झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत निकाल जाहीर झाला. तीन महिन्यांनंतर स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणारे रोगी, नळीचा उपचार झालेल्यांत १०० पैकी सुमारे ३३, न झालेल्यांत १९. हे कळताच इतर देशांत चालू असलेल्या चाचण्यांची मध्येच तपासणी झाली आणि त्यांपैकी अनेक थांबवाव्या लागल्या, कारण यापुढे निम्म्या रोग्यांना हा उपचार नाकारणे अनीतीचे ठरले असते. २०१५ च्या पूर्वार्धात आणखी चार चाचण्यांनी तोच निकाल दिला. पाचांचे मिळून १,२८७ रोगी. २०१६ साली त्यांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा दर दोन-तीन रोग्यांमागे एकाचे अपंगत्व निदान एका पायरीने कमी होते असे दिसून आले. वैद्यकात इतका प्रभावी उपाय क्वचितच आढळतो. पुढे २०१८ साल उजाडेपर्यंत आणखी दोन चाचण्यांनी दाखविले, की ज्या रोग्याच्या मेंदूचा बराचसा भाग अजून जिवंत असल्याचे स्कॅनमध्ये दिसते, त्याला निवडक बाबतींत २४ तासांपर्यंतही हा उपचार लाभतो.

आता परभणी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदणीत, दर लाख वस्तीमागे वर्षास १४५ जणांना पहिला झटका आला, व त्यांत पाचांपैकी चार गुठळीचे निघाले. तेच प्रमाण परभणीस लावले तर वर्षाकाठी अडीच हजारांवर झटके, त्यांत दोन हजारांवर गुठळीचे. मोठी धमनी तुंबलेले यांपैकी दहांत एकच, असे अगदी हात राखून धरले, तरी नळीच्या उपचाराने ज्यांचे आयुष्य बदलू शकेल असे दोनशे लोक दरवर्षी या एका जिल्ह्यात निघतात. त्यांपैकी किती जण त्या मेजापर्यंत पोहोचत असतील? पंचाहत्तर देशांच्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की ज्यांना हा उपचार मिळावयास हवा अशा शंभरांपैकी जेमतेम तिघांना तो मिळतो. आणि या सरासरीत श्रीमंत देशही आले.

खेड्यातील स्थिती गडचिरोलीच्या अभ्यासाने उघड केली आहे. डॉ. योगेश्वर काळकोंडे, डॉ. अभय बंग आदींनी ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष : त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात, दर सातांत एक, आणि पक्षाघाताने मेलेल्यांपैकी आठांत सात घरीच मेले. झटका हा शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग आहे ही समजूत त्याने पुसून टाकली. घरी मेलेल्यांत वाट संपण्यापूर्वी दिवस संपलेले किती आणि 'वारे आहे, उतरेल' म्हणून तेल चोळीत किंवा कबुतराचे रक्त लावीत बसलेले किती, याची फोड कोणी करावी!

परभणीहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर, पुणे त्याच्या दुप्पट. जिंतूरच्या डोंगराळ भागातून किंवा पालमच्या एखाद्या खेड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यासच पावसाळ्यात दीड-दोन तास मोडतात. म्हणून केवळ मोठ्या शहराकडे बोट दाखवून भागत नाही. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून एक निराळी योजना राबविली गेली. जिल्हा रुग्णालयातील साधा फिजिशियन रोग्याचा स्कॅन काढी, त्याचे छायाचित्र फोनवरून शिमल्याच्या मेंदुविज्ञास पाठवी, आणि सल्ला येताच औषध टोची. औषध सरकार फुकट देई. परभणीतही स्कॅनची सोय आहे; २०२३ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. टेनेक्टेप्लेज नावाचे नवे औषध तर पुण्याच्या जेनोव्हा कंपनीत तयार होते, आणि ते एकाच टोचणीत देता येते. तासभर सलाइनमधून सोडीत बसावे लागत नाही. औषध टोचून रोग्यास तत्काळ पुढे रवाना करावयाचे, आणि पुढच्या शहरात नळीची तयारी ठेवावयाची, ही रीत जगात सर्वत्र मान्य आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. प्रश्न तिने कोठे जावयाचे आणि तिकडे आधी कोणास कळवावयाचे एवढाच.

खर्चाची अडचण खरी आहे. जाळी, नळ्या व रुग्णालय मिळून हिशेब लाखांत जातो, आणि कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घरास तो न झेपणारा आहे. जोतीरावांच्या नावाने महाराष्ट्र शासनाची आरोग्य योजना २०१७ पासून चालते. ज्या व्याधीने त्यांचा उजवा हात नेला तिच्या या उपचारास त्या योजनेत भरभक्कम जागा असावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. ब्राझीलने हा हिशेब करून पाहिला आहे. तेथील सरकारी रुग्णालयांतील २२१ गरीब रोग्यांवरील चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. स्वावलंबी झालेले रोगी नळीच्या उपचारात शंभरांत ३५, त्याविना २०. म्हणजे श्रीमंत देशांतला लाभ सरकारी दवाखान्यातही मिळू शकतो. भारतातही 'सुपरनोव्हा' नावाच्या स्वस्त जाळीची चाचणी दिल्लीच्या एम्ससह अन्य केंद्रांत झाली व तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

नळी हातात धरणारा डॉक्टर शहरात असो की जिल्ह्यात, रोग्याबरोबर आलेल्या माणसास तो पहिला प्रश्न एकच विचारतो : याला अगदी ठीक असलेले शेवटचे केव्हा पाहिले? झटका केव्हा आला हे नव्हे, कारण पुष्कळांना तो झोपेत येतो. रात्री जेवून निजलेला मनुष्य पहाटे बोलेनासा झाला, तर घड्याळ जेवणाच्या वेळेपासून मोजतात. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी दिसले तरी ती वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि तो कागद रुग्णवाहिकेत रोग्याबरोबर जावा. साडेचार तास आणि चोवीस तास, या दोन्ही मुदती त्या कागदावरच्या आकड्यापासून सुरू होतात.